गोकाकच्या कड्यावरचा समुद्र

आम्हा बेळगावकरांचा समुद्र घाटापलीकडे, गोव्याला नाहीतर वेंगुर्ल्याला. मीही तेच धरून चालले होते. यंदा जानेवारीत गोकाकला आत्याकडे गेले आणि धबधब्याच्या माथ्यावर एका सपाट खडकापाशी थबकलेच.

पावसाळ्यात घटप्रभा इथं गढूळ लाल होऊन 52 मीटर खाली झेपावते. तेव्हा गर्दी लोटते, पण खडक बघायचा असेल तर पाणी ओसरल्यावरच यावं.

त्या खडकावर बोट-दीड बोट अंतरानं वळ्या उठल्या होत्या. ओहोटीनंतर वेंगुर्ल्याच्या ओल्या वाळूवर दिसतात, अगदी तशाच. उकिडवी बसून मी एका वळीवरून बोट फिरवलं. दोन्हीकडचे उतार सारखे! पाणी एकाच दिशेनं वाहत असेल तर वळीची एक बाजू लांबट उतरती होते, दुसरी आखूड आणि उभी. उतार सारखे, म्हणजे पाणी मागेपुढे हेलकावत होतं. लाटांच्या खुणा या. वाळूचा कण न् कण गारेनं, म्हणजे गारगोटीच्या खनिजानं, सांधला गेला, म्हणून टिकल्या.

"काय बघत्येस गं वाकून? पाय घसरंल की!" आत्या मागून ओरडली.

हे कलादगीचे खडक. बागलकोटकडचं, डाळिंबांचं ते कलादगी. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1876 मध्ये या खडकांना त्या गावाचं नाव दिलं. ज्या खोऱ्यात ही वाळू साचली, ते 100 कोटी वर्षांहून जुनं. तेव्हा पृथ्वीवर गवताचं पातं नव्हतं, पाण्यात मासाही नव्हता. त्यापुढं आमच्या बेळगावच्या जांभ्याखालचा काळा बसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांचा, कालपरवाचाच म्हणायचा. त्या लाव्ह्यानं हे थर पश्चिमेकडे झाकून टाकले. घाट उतरून सिंधुदुर्गात गेलं की बसाल्टखालून हेच खडक पुन्हा डोकं वर काढतात, आणि हे कळल्यापासून मला मालवणची वाट वेगळीच वाटते.

कठड्याशी उभं राहून कडा न्याहाळला. आडवे थर, त्यांना छेदणाऱ्या उभ्या भेगा. पाणी भेगांत शिरतं, चिरा सुटतो, खाली कोसळतो. पायथ्याशी घराएवढ्या धोंडी पडल्यात. समुद्रकड्याखालीही असाच खच असतो.

शेवटी आत्या करदंटाचा, गोकाकच्या डिंक-सुकामेव्याच्या मिठाईचा, पुडा पदरात सावरत माझ्याशेजारी येऊन बसली. मी तिचा हात धरून वळ्यांवर टेकवला. तिनं दोनदा तळवा फिरवला.

"वाळूच की गं ही!"