बांधाच्या वादात मध्यस्थी करताना

आमचे गाव धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी आहे. फडाच्या, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर सामाईक भिजणाऱ्या शेतांच्या, पाण्याची पाळी पाटकऱ्याने (पाणी वाटून देणाऱ्या माणसाने) लावायची आणि सर्वांनी ती मानायची, ही येथील जुनी रीत. वाटेच्या वादात मात्र असा सर्वमान्य पाटकरी नसतो. 15 ऑगस्ट 2007 रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, गावोगाव समित्या झाल्या, आणि शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मीही आमच्या समितीत आलो. पहिलेच प्रकरण दोन चुलतभावांचे होते; बांधावरून जाणारी वाट थोरल्याने, म्हणजे आबांनी, बंद केली होती आणि धाकट्याचा, म्हणजे नानांचा, दिवाणी दावा तालुक्याच्या न्यायालयात पडून होता.

पहिली बैठक मी ग्रामपंचायतीत, चारचौघांदेखत घेतली, ही माझी मोठी चूक. लोकांसमोर माघार घेणे दोघांनाही अपमानाचे वाटले आणि बोलणे दावा दाखल झाला त्या दिवसापाशीच अडकले. त्यानंतर मी दोघांना त्यांच्या घरी जाऊन वेगवेगळा भेटलो आणि एकाचे बोलणे त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगणार नाही, असा शब्द दिला. हा शब्द मध्यस्थाने कोणत्याही परिस्थितीत मोडू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण त्याच्याच आधारावर माणूस मनातले बोलतो.

दाव्याच्या कागदांत धाकट्याची मागणी ‘वहिवाटीचा हक्क’ अशी होती. घरी अहिराणीत बोलताना नाना म्हणाले, “मना बाप व्हता तवय हाई वाट व्हती, गुरुजी.” मी ते त्यांच्याच शब्दांत परत म्हणून दाखवले आणि वाट नेमकी कशाला हवी, हे विचारले. कापूस वेचून झाला की ट्रॉली शेताबाहेर काढायची, एवढीच त्यांची गरज होती. आबांची भीती वेगळीच होती: आज वाट दिली तर उद्या बांध सरकेल आणि सातबाऱ्यावरचे क्षेत्र घटेल. मागणी आणि गरज वहीत दोन रकान्यांत मांडली, तेव्हा वाट आणि मालकी हे दोन वेगळे प्रश्न असल्याचे मलाही प्रथमच नीट दिसले.

मग दोघांना घेऊन बांधावर गेलो. ट्रॉलीची रुंदी टेपने मोजली आणि आबांनी स्वतः दोन्ही टोकांना दगड रोवले. शासकीय मोजणीचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यायचे ठरले. करारात ‘सामंजस्याने वागावे’ असले मोघम वाक्य मी येऊ दिले नाही. वाटेची रुंदी, ती वापरायचे महिने, पावसाने खचल्यास दुरुस्ती कोणी करायची आणि या वाटेने मालकी बदलत नाही, हे सारे स्पष्ट लिहिले. लिहिलेले दोघांच्या वकिलांकडून तपासून घेतले, कारण कायदेशीर सल्ला देणे हे मध्यस्थाचे काम नव्हे.

दावा प्रलंबित असल्याने ही तडजोड लोकअदालतीत ठेवली. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार तेथील निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील होत नाही आणि भरलेले न्यायालयीन शुल्कही परत मिळते. म्हणूनच सही करण्यापूर्वी प्रत्येक कलम दोघांना अहिराणीत पुन्हा समजावून सांगितले. ‘मालकी बदलत नाही’ हे कलम आबांनी दोनदा वाचायला लावले, आणि दुसऱ्या वेळी ते नानांनीच वाचून दाखवले.