वीस लिटरची वाटणी

गोव्यात वाटणीचा कायदा सरळ आहे: मुलगा असो वा मुलगी, वाटा सारखा. घरच्या बियरचा वर्ट (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड काढा) दोन कार्बॉयमध्ये (आंबवणाच्या मोठ्या बाटल्यांमध्ये) वाटताना मात्र हा कायदा पातेल्याला समजावून सांगावा लागतो. सायफन लावून आधी एक कार्बॉय भरला, की त्याला वरवरचं निवळ मिळतं आणि दुसऱ्याच्या नशिबी हॉप्सचा (बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा आणि गोठलेली प्रथिनं. म्हणून दोन लिटर याला, दोन लिटर त्याला, नळी चिमटीत धरून आलटून पालटून. वरून पाणी घालून वीस लिटर केले असतील तर आधी नीट ढवळा, नाहीतर घनता मोजणारं हायड्रोमीटर एकात 1.050 दाखवेल आणि दुसऱ्यात 1.040. या टप्प्यावर धार उंचावरून पडून फेसाळली तरी चालतं, यीस्टला ऑक्सिजन हवाच असतो. आंबवण संपल्यावर तीच धार बियरला ओल्या पुठ्ठ्याचा वास देते.

फेणीच्या काजूरसाला बाहेरचं यीस्ट लागत नाही. बियरला ती चैन नाही. साडेअकरा ग्रॅमचं पाकीट अंदाजाने अर्धं करू नये. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घ्यावा. पाण्यात भिजवून वाटणार असाल तर 115 मिली कोमट पाणी, पंधरा मिनिटं, मग ढवळल्या ढवळल्या ओतायचं. जरा गप्पांत रमलात की यीस्ट खाली बसतं. इथेही तळच दगा देतो.

दहा लिटर वर्टला बारा-तेरा लिटरचं भांडं हवं. गळ्यापर्यंत भरलं तर फेस एअरलॉकमध्ये (वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेत) अडकतो, झाकण उडतं आणि छत पुसावं लागतं.

खरी परीक्षा मे महिन्यात. खोली तिशीच्या वर, एल प्रकारच्या बियरच्या नेहमीच्या यीस्टला हवे 18 ते 22 अंश, शिवाय आंबताना वर्ट स्वतःही तापतो. मग थिनरसारखा वास येतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ओलं फडकं फारसं काम करत नाही. दोन्ही भांडी एकाच टबात ठेवून गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलाव्यात. एवढा व्याप नको असेल तर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट. त्याला पस्तीस अंशही मानवतात.

वाटणीची गंमत पुढे आहे. एक भांडं साधं ठेवावं, दुसऱ्यात फेस ओसरल्यावर चाळीसेक ग्रॅम सोलं (वाळवलेली कोकमं). ती बिनमिठाचीच हवीत, हे दुकानदाराला दोनदा विचारावं.

आठवड्याने दोन्ही कार्बॉय उजेडासमोर धरून बघा. गाळ दोन्हींत सारखाच, बोटभर बसला असेल, तर वाटणी जमली.