टायरवरचा आकडा आणि कोकणातला रस्ता

रोड बाइकच्या टायरच्या कडेला 'कमाल १२० पीएसआय' (हवेच्या दाबाचं माप) असं काहीतरी छापलेलं असतं आणि बरेच जण तेवढी हवा ठासूनच निघतात. तो आकडा मर्यादा सांगतो. तुमचं वजन किती, रस्ता कसला, हे टायर बनवणाऱ्याला कुठून कळणार?

चालवणारा सत्तर किलोचा असेल तर इथून सुरुवात करा: २५ मिमी रुंद टायरला मागे ८५ पीएसआय, पुढे ८०, २८ ला मागे ७२, पुढे ६८, ३२ ला मागे ५८, पुढे ५४. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून हा फरक. वजनात पाच किलोंचा फरक असेल तर दोन-तीन पीएसआय वरखाली. रिम हुकलेस, म्हणजे टायर अडकवायला आतून कड नसलेली असेल तर ५ बार, म्हणजे साडेबहात्तर पीएसआयच्या वर जायचंच नाही.

सागरी मार्गावर ठिगळं लावलेलं डांबर, वळणावर सांडलेली जांभ्याची खडी आणि फेरीच्या धक्क्यावरचा ओला उतार हे सगळं एकाच दिवसात भेटतं. इथे टणक टायर उड्या मारतो, मनगटं बधिर होतात आणि वेगही मिळत नाही. फ्रेममध्ये बसत असेल तर २८ च घ्या. २५ चा हट्ट गुळगुळीत हायवेवाल्यांना शोभतो. पावसाळ्यात आणखी चार-पाच पीएसआय कमी करा.

फार कमी केली तर काय होतं, ते ट्यूबच सांगते. शेजारीशेजारी दोन भोकं म्हणजे खड्ड्याच्या काठाने ट्यूब रिमवर चेपली. हवा कमी होती. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक म्हणजे काटा किंवा तार. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नको. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप, म्हणजे रिमच्या आतली पट्टी, सरकलीय.

आता पंप. घरी दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप हवाच. अंगठ्याने दाबून ६० आणि ९० मधला फरक कळत नाही, कितीही सराव असो. बरोबर न्यायचा छोटा पंप मात्र नळी बघून घ्या. ८० पीएसआयला ३० मिमी व्यासाच्या नळीत दट्ट्यावर चाळीस किलोंच्या आसपास जोर लावावा लागतो, २० मिमीच्या नळीत अठराच्या आत भागतं. जाड नळी एमटीबीला (माउंटन बाइकला) ठीक. बारीक नळीला हात जास्त मारावे लागतात, पण शेवटपर्यंत भरते. लवचिक होज असलेला घ्या, नाहीतर हिसक्याने वॉल्व मुळाशी फाटतो.

रोड बाइकच्या बारीक, म्हणजे प्रेस्टा वॉल्वची टोकावरची चकती सैल करून टोक एकदा दाबा, 'फस्' झालं की मग पंप लावा. चिकटलेला वॉल्व काटा खोटा दाखवतो. काढताना येणारा मोठा आवाज होजमधल्या हवेचा असतो, टायरची हवा गेली म्हणून पुन्हा भरू नका.

खिशात प्रेस्टावर बसणारा पितळी अडॅप्टर ठेवा, कारण पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर स्कूटरच्या जाड वॉल्वचा असतो. रोड बाइकच्या ट्यूबमध्ये जागा थोडी, म्हणून एकेक सेकंद दाबून काटा बघायला सांगा. समुद्राकाठी वॉल्वची टोपी फेकू नका. खारट हवेने चकती जाम होते आणि पक्कड लावली की टोक वाकतं.