“असतील कोणी इंग्रज”

“बाबा, हे कोण?”
“असतील कोणी इंग्रज.”

आज संध्याकाळी सीएसएमटीसमोर, महापालिकेच्या इमारतीपाशी हे कानावर पडलं. मुलगी सहा-सात वर्षांची. वडील स्टेशनच्या रोषणाईचा फोटो काढण्यात गुंग. ती मात्र मान वर करून त्या काळपट पडलेल्या ब्राँझच्या माणसाकडे बघत होती. डोक्यावर कबुतर बसलं होतं, तिने त्यालाही टाटा केला.

मी सांगणार होते. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि ते गर्दीत मिसळले.

अगं, ते फिरोजशहा मेहता. आपल्या मुंबईचेच. कर भरणाऱ्यांनी आपले प्रतिनिधी स्वतः निवडावेत, म्हणून इंग्रजांच्या राज्यात भांडलेला माणूस. चार वेळा महापालिकेचे अध्यक्ष झाले. पालिकेचा १८८८ चा कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा, आणि तुझ्या घरच्या नळापासून गल्लीतल्या कचऱ्यापर्यंतचा पालिकेचा कारभार आजही त्याच कायद्यावर चालतो.

वडिलांचा राग नाही आला. लोकलने दमून आलेला माणूस, त्याला कोणी कधी सांगितलंय? आम्हालाही शाळेत ‘मवाळ नेते’ या दोन शब्दांत उरकलं होतं.

पण २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कितीतरी काळ या शहराला निवडलेला नगरसेवकच नव्हता, तेव्हाही हा पुतळा तिथेच, त्याच दारात उभा होता. घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं.

तुमच्या गावातल्या चौकात कोण उभं आहे? मुलांनी विचारलं तर सांगता येईल?