ओल्या वाळूतले बारीक किडे ओळखताना

पावसाळ्यानंतर नदीचं पाणी ओसरलं की काठच्या ओल्या वाळूवर फुगीर, वाकड्यातिकड्या रेघा उमटतात. जवळ गेलं की काळे ठिपके टणकन उडून नाहीसे होतात. अशा किड्याच्या फोटोखाली हमखास ‘रातकिड्याचं पिल्लू’ असं लिहिलेलं असतं. बहुतेकदा तो ट्रायडॅक्टायलिडी या वाळूत बोगदे करणाऱ्या बारीक उड्या मारणाऱ्या कीटकांच्या कुळातला पूर्ण वाढलेला कीटक असतो. लांबी जेमतेम ४ ते १० मिमी, आणि नातं रातकिड्यांपेक्षा नाकतोड्यांशी जवळचं.

१० पट भिंगाखाली आधी मिशा पाहा. याच्या मिशा आखूड, मणीदार, साधारण १० खंडांच्या. जमीन पोखरणाऱ्या ग्रायलोटाल्पाच्या (रातकिड्यांचा नातलग, मोल क्रिकेट) पिल्लाच्या मिशा बारीक आणि कितीतरी जास्त खंडांच्या असतात. मग मागची मांडी पाहा. ट्रायडॅक्टायलिडीत ती शरीराच्या मानाने प्रचंड फुगीर, ग्रायलोटाल्पात साधीच. ग्रायलोटाल्पाचा जोर पुढच्या रुंद, दातेरी पायांत. ट्रायडॅक्टायलिडीच्या मागच्या नडगीवर चपटी पातीही असतात. पाण्यात पडल्यावर ती पसरून हा पठ्ठा पाण्यावरूनही उडी मारतो! मागच्या पायाची ही खूण पाहायला बाजूने काढलेला फोटो लागतो. वरून काढलेल्या फोटोवर नाव ठरवू नका.

वाळूवरच्या नुसत्या रेघांवरूनही ठरवू नका. तशाच रेघा हेटेरोसेरिडी कुळातले भुंगेरे काढतात: पाठीवर फिकट नागमोडी पट्टे, पुढच्या नडग्यांवर काट्यांची रांग. वाळूचे बारीक ढीग दिसले आणि किडा लांबट, आखूड पंखांमुळे पोट उघडं असलेला निघाला, तर तो ब्लेडियस हा भुंगेरा. गोल, सरळ खाली जाणारं बीळ बहुधा टायगर बीटल या शिकारी भुंगेऱ्याच्या अळीचं. तिचं चपटं डोकं बिळाच्या तोंडावर झाकणासारखं बसतं. पाऊल वाजलं की ती तळाशी जाते. ती हवी असेल तर बिळात गवताची काडी सोडून काडीच्या कडेने खणा. समुद्रकिनाऱ्यावर आधी पाय मोजा: सहापेक्षा जास्त असतील तर तो उड्या मारणारा कवचधारी आहे, कीटक नव्हे.

पकडायला रेघांवर पारदर्शक डबा उलटा दाबा आणि भोवती हळूहळू पाणी ओता. वाळू भिजली की किडे वर येतात. डबा आधी ठेवला नाही, तर उडणारे निसटतात आणि हाती फक्त भुंगेरे उरतात. नमुना ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, कारण वाळला की मागचे पाय गळतात. चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाणाबरोबर पाण्यापासूनचं अंतरही लिहा.