आमची वाटचाल : जुने फोन आणि त्यांचे प्लॅस्टिक

नारायण पेठेतील एका वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या घेऊन आम्ही २००९ साली हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा चक्रीचे जुने टेलिफोन दुरुस्त करून विकायचे, एवढेच डोक्यात होते. रविवारी सकाळी जुन्या बाजारात जावे, काळा आणि जड दिसेल तो फोन उचलावा, तपकीर गल्लीतून वायर आणावी आणि घंटी वाजू लागली की गिऱ्हाइकाला फोन करावा, असा क्रम होता. विक्रेता प्रत्येक काळ्या फोनला ‘ओरिजनल बॅकेलाइट’ (जुन्या काळचे एक कडक प्लॅस्टिक) म्हणे आणि आम्हीही तेच शब्द गिऱ्हाइकापुढे म्हणत असू.

तिसऱ्या वर्षी एका गृहस्थांनी वडिलांचा हस्तिदंती रंगाचा ब्रिटिश फोन साफसफाईसाठी दिला. बॅकेलाइटवर अॅसिटोनचा काही परिणाम होत नाही, हे ऐकीव ज्ञान घेऊन मी रिसीव्हरवरचा शाईचा डाग अॅसिटोनच्या बोळ्याने पुसला. डाग गेला, पण ती जागा चिकट झाली, चकाकी उडाली आणि सुकल्यावर तेथे केसाएवढ्या बारीक भेगांचे जाळे उमटले. तो फोन बॅकेलाइटचा नव्हे, तर अॅसिटोनने विरघळणाऱ्या अॅक्रिलिक या प्लॅस्टिकचा होता. गृहस्थ रागावले नाहीत, फक्त ‘राहू द्या तुमच्याकडे’ म्हणाले, आणि तो फोन आजही आमच्या फळीवर आहे.

त्यानंतर भोसरीतील मोल्डिंग कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांकडे मी काही महिने जात राहिलो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, ‘भाकरी एकदा भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही, तूप मात्र कितीदाही पातळ होते आणि थिजते. बॅकेलाइट भाकरी, एबीएस तूप.’ एबीएस म्हणजे तापवले की मऊ होणारे आणि गार झाले की पुन्हा घट्ट होणारे दुसरे प्लॅस्टिक. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये तयार केलेले बॅकेलाइट फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बनते. साच्यात उष्णतेने एकदा पक्के झाले की ते वितळत नाही. लाकडाचा भुसा वगैरे भरण मिसळल्याने आणि मूळ राळच गडद असल्याने ते बहुतेक काळे किंवा तपकिरी असते, म्हणूनच ब्रिटिश टपाल खात्याच्या ३०० मालिकेतील काळे फोन बॅकेलाइटचे, तर हस्तिदंती, लाल आणि हिरवे अॅक्रिलिकचे, हे मला तेव्हा उमगले. ही माहिती चार महिने आधी मिळाली असती, तर फळीवर एक फोन कमी असता.

वजनावर विसंबू नये, हेही त्यांनीच शिकवले. फोनचे निम्मे वजन पत्र्याच्या तळाचे, घंट्यांचे आणि कॉइलचे असते. आता आम्ही तळ सोडवून कवच वेगळे करतो आणि आतल्या बाजूला अंगठा जोरात घासून गरम करून लगेच नाकाशी नेतो. बॅकेलाइटला कार्बोलिक साबणासारखा वास येतो. जुन्या अमेरिकन फोनच्या सेल्युलोज अॅसिटेट ब्युटिरेटला खवट लोण्याचा वास येतो, आणि हे प्लॅस्टिक वर्षांनुवर्षे आक्रसत जाते. त्यामुळे कवच तळावर नीट बसत नसेल, तर आधी त्याचाच संशय घ्यावा.

शंका उरलीच, तर कवचाच्या आतल्या कडेचा नखाएवढा कातरा संपृक्त मिठाच्या पाण्यात टाकतो. एबीएस साध्या पाण्यात बुडते पण मिठाच्या पाण्यात तरंगते. बॅकेलाइट दोन्हींत तळ गाठते. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण तो मला मान्य नाही, कारण वस्तू गिऱ्हाइकाची असते आणि ती सेल्युलॉइडची निघाली, तर भडकाच उडेल.

प्लॅस्टिकचे नाव आम्ही आता बिलावर लिहितो. काही वेळा त्यामुळे सौदा मोडतो; गेल्या दिवाळीत हिंजवडीच्या एका तरुणाने काळा फोन एबीएसचा आहे हे वाचून परत ठेवला. पण दुरुस्ती यावरच ठरते : बॅकेलाइटच्या भेगेत काळा रंग मिसळलेला इपॉक्सी भरावा लागतो, आणि एबीएसला मात्र त्याच प्लॅस्टिकचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली खळ पुरते, जी आम्ही जाम झाकणाच्या काचेच्या बरणीत, फळीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतो.