सटन हूचं म्यान: गंजानं राखलेलं लाकूड

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ममींकडची गर्दी टाळून वरच्या मजल्यावर 41 क्रमांकाच्या दालनात जा. तिकीट नाही. इंग्लंडच्या सफकमधल्या सटन हू इथं 1939 साली उत्खननकार बेसिल ब्राउन यांनी एक जहाजदफन उघडलं, म्हणजे मृताला ऐवजासह जहाजात ठेवून वर टेकाड रचलेलं दफन. सातव्या शतकाच्या सुरुवातीचा तो ऐवज इथं आहे. लोक शिरस्त्राणापुढे खोळंबतात, तोवर तलवारीची काच मोकळी असते.

दिसते ती जवळपास 85 सेंटिमीटरची गंजाची पट्टी आणि तिच्या टोकाला सोन्याची मूठ. पातं म्यानातच गंजून बसलंय. दफनाच्या जागेतल्या आम्लधर्मी वाळूत माणसाचं हाडसुद्धा टिकलं नाही. पण पात्यातून सुटलेलं लोह चिकटलेल्या लाकडात मुरलं आणि लाकडाचा पोत तसाच राहिला. गंजानं पातं खाल्लं, म्यान राखलं!

रचना आतून बाहेर अशी: लोकर, लाकूड, कातडं. लोकरीतलं नैसर्गिक तेल पात्याला लागत राहतं, हे तिचं खरं काम. प्रतिकृती करणारे इथेच चुकतात. म्यानाच्या लाकडी दोन्ही फळ्या आतून पुरेशा कोरल्या नाहीत, तर लोकर गोळा होऊन पातं अडकतं. लोकरीचे केस टोकाकडे झुकलेले ठेवावेत, म्हणजे पातं सहज आत सरकतं आणि आपोआप निसटत नाही. ओकचं लाकूड भक्कम खरं, पण त्यातलं टॅनिन लोखंडाला गंजवतं. कातडं ओलं करून ताणायचं आणि शिवण मागच्या बाजूला घ्यायची. वाळलं की ते आवळतं. घाईनं ओल्या म्यानात पातं घातलंत, तर आठवड्यात डाग पडलेच समजा.

मराठा म्यानात धातू तोंडाशी मोहनाळेत आणि टोकाशी तहनाळेत असतो. इथं सोनं पट्ट्याच्या जोडकामात आहे: दोन घुमटदार बटणं आणि दोन छोटे पिरॅमिड. पिरॅमिड आतून पोकळ, पट्टा ओवायला आडवी दांडी. बटणांवर सोन्याच्या उभ्या पट्ट्यांचे कप्पे करून त्यांत गार्नेट, म्हणजे तामड्याचे पातळ काप बसवलेत. त्यांतून समभुज क्रूस उमटतो. प्रत्येक कापाखाली चौकड्या ठसवलेला सोन्याचा वर्ख आहे. तो नसता, तर खडा सुकल्या रक्तासारखा काळपट दिसला असता. जरा वाकून, डोळा बटणाच्या पातळीला आणा आणि डोकं हलवा. वर्खाची जाळी चमकून जाते.

सटन हूची मूळ दफन-टेकाडं पाहायची तर लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून इप्सविच, तिथं गाडी बदलून मेल्टन, पुढे पायी. जहाजातला अस्सल ऐवज मात्र लंडनमध्येच, म्हणून आधी ही काच बघून घ्या.